चिपळूणच्या औषध गोदामासाठी दिवे, आवाज की स्कॅनर?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चिपळूणमध्ये आपले औषधांचे घाऊक गोदाम आहे. साठ फूट रुंद आणि एकशे दहा फूट लांब असा एकच गाळा, त्यात सुमारे ४,५०० प्रकारचा माल, खेड, दापोली, गुहागर, संगमेश्वर-देवरूख आणि खुद्द चिपळूण शहर अशा लाइनींवरून, म्हणजे माल पोचवण्याच्या मार्गांवरून, दिवसाला साधारण २२० ऑर्डरी, प्रत्येक ऑर्डरीत सरासरी १४ ओळी, म्हणजे १४ वेगवेगळ्या नोंदी, आणि माल काढणारी नऊ माणसे. दररोज पंचवीस ते तीस तक्रारी येतात. कुठे चुकीची बॅच गेलेली असते, कुठे २५० ऐवजी ५०० ची गोळी, कुठे एखादी स्ट्रिप कमी. एका पुरवठादाराने प्रत्येक खणाला दिवा बसवण्याचा प्रस्ताव दिला आहे. दुसऱ्याने माल काढणाऱ्याच्या कानात सूचना देणारी आवाजाची यंत्रणा सुचवली आहे. तिसऱ्याचे म्हणणे असे की हातातले बारकोड स्कॅनर पुरेसे आहेत. तिघांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

आपल्या गोदामासाठी मी स्कॅनर निवडेन, आणि त्याच्या जोडीला सहा क्रेटची ट्रॉली. पण स्कॅनर येण्याआधी दोन कामे पूर्ण व्हायला हवीत. प्रत्येक खणाला पत्ता द्यावा आणि एका खणात एकच बॅच ठेवण्याचा नियम काटेकोरपणे पाळला जावा. दिव्यांचा विचार एका छोट्या भागापुरता आणि वर्षभरानंतर करता येईल. आवाजाच्या यंत्रणेची शिफारस मी आज करणार नाही. या निवडीची कारणे सविस्तर सांगतो, कारण उद्या चौथा पुरवठादार आला तर आपल्याला हेच मोजमाप त्यालाही लावता आले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे आपला वेळ नेमका कुठे जातो हे पाहणे. या विषयावरील पाठ्यपुस्तकांत असे आढळते की माल काढणाऱ्याचा सुमारे अर्धा वेळ चालण्यात जातो, आणि पुरवठादार हे वाक्य हमखास ऐकवतात. मोठ्या गोदामांच्या बाबतीत ते खरे आहे. आपल्या गोदामाचा हिशेब मात्र वेगळा निघतो. नऊ माणसांचे प्रत्येकी सहा तास प्रत्यक्ष काम धरले तर ५४ तास होतात. २२० ऑर्डरींच्या ३,०८० ओळी त्या वेळेत निघतात, म्हणजे एका ओळीला ६३ सेकंद लागतात. एका ऑर्डरीसाठी गाळ्यात सरासरी ४०० फुटांची फेरी होते असे मानले, तर सर्वांचे मिळून दिवसाचे चालणे ८८,००० फूट, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर होते. हातात क्रेट घेऊन सेकंदाला एक मीटर या संथ गतीने चालले तरी त्याला साडेसात तास लागतात, आणि ते एका ओळीमागे जेमतेम नऊ सेकंद पडतात. प्रत्यक्ष हात घालून माल उचलणे आणि क्रेटमध्ये ठेवणे यासाठी माझ्या निरीक्षणाप्रमाणे दहा-बारा सेकंद पुरतात. मग उरलेले चाळीस सेकंद कुठे जातात?

ते शोधण्यात जातात. रॅकसमोर उभे राहून नावे वाचण्यात, बिलावर लिहिलेली बॅच आणि हातातल्या स्ट्रिपवरची बारीक अक्षरे ताडून पाहण्यात, बॅच जुळली नाही म्हणून मागचा बॉक्स ओढून काढण्यात आणि "हे औषध हल्ली कुठे ठेवतात?" असे जुन्या माणसाला विचारण्यात. आपण एक दिवस घड्याळ घेऊन एका माणसामागे फिरून पाहावे. माझ्या आकड्यात पाच-दहा सेकंदांचा फरक पडेल, पण चित्र बदलेल असे मला वाटत नाही. आपल्या गोदामात पायांपेक्षा डोळ्यांना जास्त काम पडते आहे, आणि ते काम कमी करणारे तंत्र आपल्याला हवे आहे.

दिवा हे काम उत्तम करतो, यात शंका नाही. खणावरचा दिवा पेटतो, शेजारी संख्या दिसते, माणूस माल उचलून बटण दाबतो. नव्या माणसाला ही पद्धत अर्ध्या तासात समजते, आणि गणपतीत निम्मी माणसे गावी गेलेली असताना बदली माणसे घ्यावी लागतात तेव्हा या गुणाची किंमत कळते. पण दिव्यांचा खर्च खणांच्या संख्येने वाढतो, तर स्कॅनरचा खर्च माणसांच्या संख्येने. आपल्याकडे ४,५०० प्रकारचा माल आहे आणि त्यातल्या बऱ्याच औषधांच्या एकाच वेळी दोन बॅचा असतात, त्यामुळे खण सहा हजारांच्या घरात जातील. म्हणजे दिवे सहा हजार. स्कॅनर नऊ माणसांचे नऊ आणि राखीव दोन, असे अकरा. शिवाय आपल्या सहा हजार खणांपैकी बहुतेक खणांत दिवसातून एकदाही हात जात नसेल, कारण ओळीच मुळात ३,०८० आहेत आणि त्यांतही ओआरएस, पॅरासिटामॉल, ॲसिडिटीची औषधे पुन्हा पुन्हा येतात. आठवड्यातून एकदा पेटणाऱ्या दिव्यावर पैसे घालणे मला पटत नाही.

दुसरे कारण आपल्या हवेचे आहे, आणि त्यामागे एक अनुभव आहे जो मी आजही विसरलो नाही. काही वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका गोदामात मी स्वतः दिव्यांची शिफारस केली होती. तिथे मासेमारी बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग ठेवत. खण कमी होते, ओळी भरपूर होत्या आणि कागदावरचा हिशेब बरोबर होता. पहिला पावसाळा ठीक गेला. दुसऱ्या पावसाळ्यात जोडण्यांच्या तांब्यावर हिरवट थर चढू लागला, काही बटणे दाबूनही लागत नसत, आणि एका रांगेतले दिवे मधूनच बंद पडत. दिवा पेटला नाही की माणसाला वाटे, इथून काही काढायचे नाही; त्यामुळे चूक गुपचूप होत असे. त्या मालकाचे नुकसान झाले आणि माझ्या सल्ल्यात किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेचा विचार पुरेसा नव्हता हे मला मान्य करावे लागले. चिपळूण समुद्रापासून आत आहे, त्यामुळे मिठाचा त्रास कमी होईल, पण जुलै-ऑगस्टमधली आर्द्रता तिथेही तीच आहे. सहा हजार उघड्या जोडण्या त्या हवेत ठेवण्यापेक्षा अकरा बंद उपकरणे रात्री कपाटात ठेवणे कितीतरी सोपे आहे.

तिसरे कारण मला सर्वात महत्त्वाचे वाटते. दिव्याला खण कळतो, खणातली बॅच कळत नाही. औषधाच्या घाऊक व्यवहारात बिलावर बॅच क्रमांक लागतो, आणि ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी गेला पाहिजे. एका खणात दोन बॅचा मिसळून ठेवल्या असतील तर दिवा बरोबर खण दाखवेल आणि माणूस तरीही चुकीची बॅच उचलेल. आपल्या तक्रारींमध्ये चुकीच्या बॅचचा वाटा मोठा असेल, असा माझा अंदाज आहे. एक महिना प्रत्येक तक्रारीची चार रकान्यांत नोंद ठेवावी: चुकीचे औषध, चुकीची मात्रा, चुकीची बॅच आणि चुकीची संख्या. त्या नोंदीशिवाय कोणताही पुरवठादार आपल्याला काय विकतो आहे हे कळणार नाही.

आता बारकोडविषयी, कारण इथे अनेकांचा गैरसमज होतो. "औषधांवर आता क्यूआर कोड असतोच, तो स्कॅन करू," असे आपल्याला कोणी सांगितले असेल. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ठरावीक ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे आणि त्यात बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख असते, हे खरे आहे. पण आपल्याकडे ४,५०० प्रकार आहेत. बाकीच्या मालातल्या अनेक बॉक्सवर जो रेघांचा बारकोड दिसतो तो फक्त कोणते उत्पादन आहे एवढेच सांगतो, बॅच सांगत नाही. त्यामुळे स्ट्रिप स्कॅन करण्याच्या भरवशावर पद्धत उभारू नये. माल आवक होतानाच प्रत्येक बॅचला स्वतंत्र खण द्यावा, त्या खणाचा पत्ता संगणकात बॅचशी जोडावा आणि माल काढताना खणावरचे लेबल स्कॅन करावे. खण बरोबर असेल तर औषध, मात्रा आणि बॅच तिन्ही बरोबर, असे समीकरण तयार होते. मात्र ते समीकरण आवक टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या हातात असते. त्याने एकदा चुकीच्या खणात माल ठेवला की पुढचे सगळे स्कॅनर चूक खरी मानून चालतील. म्हणून आपल्या नऊ माणसांतला सर्वात सावध माणूस माल काढण्यावरून उचलून आवकेवर बसवावा.

एका खणात एकच बॅच म्हटल्यावर जागा वाढेल, अशी काळजी आपल्याला वाटेल. थोडी वाढेल. सावकाश खपणाऱ्या मालासाठी मोठा कप्पा लागत नाही. उभ्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या दुभाजकांनी एका कप्प्याचे सहा-आठ खण करता येतात. त्यासाठी पुठ्ठ्यापेक्षा प्लास्टिक बरे, कारण पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि वाकतो.

पत्ता साधा असावा: रांग, रॅक, कप्पा, खण. उदाहरणार्थ, ब-०४-३-२. पत्ता दिल्यावर एक मोठी सोय होते, जिचा फायदा फार थोडे लोक घेतात. आज आपला माल बहुधा कंपनीनिहाय किंवा वर्णानुक्रमे लावलेला असेल, कारण माणसाला तो आठवणीने शोधावा लागतो. वर्णानुक्रमे लावलेल्या मालात सारख्या दिसणाऱ्या नावांची औषधे नेमकी शेजारी येतात: ॲमॉक्सिसिलिन २५० च्या शेजारी ५००, साध्या मेटफॉर्मिनच्या शेजारी सावकाश विरघळणारी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड १ च्या शेजारी २. मधुमेहाच्या रुग्णाच्या हातात दुप्पट मात्रा जाण्याची शक्यता आपण स्वतःच रॅकवर मांडून ठेवतो. पत्त्यावर काम सुरू झाले की नावांचा क्रम पाळण्याची गरज उरत नाही. मग अशा जोड्या मुद्दाम वेगवेगळ्या रांगांत ठेवाव्यात आणि रोज खपणारा माल कंबर ते खांदा या उंचीवर, पॅकिंगच्या टेबलाजवळ आणावा. गेल्या तीन महिन्यांच्या बिलांवरून कोणते औषध किती ओळींत आले याची उतरती यादी काढली की पहिली चारशे-पाचशे नावे कुठे बसवायची ते स्पष्ट होईल. यादी ओळींच्या संख्येवर काढावी. रुपयांवर काढली तर महाग पण क्वचित जाणारी औषधे पुढे येतात आणि जागा वाया जाते.

एवढ्याने किती फरक पडेल? ओळीमागे १५ सेकंद जरी वाचले तरी ३,०८० ओळींचे जवळजवळ १३ तास होतात, म्हणजे दोन माणसांचे दिवसभराचे काम. ट्रॉलीचा लाभ त्याहून कमी, पण निश्चित आहे. एका ट्रॉलीवर सहा क्रेट, म्हणजे सहा ऑर्डरी एकाच फेरीत काढायच्या. फेरी ४०० ऐवजी ६०० फुटांची झाली तरी २२० ऑर्डरींना ३७ फेऱ्या पुरतात आणि २७ किलोमीटरचे सात किलोमीटरही राहत नाहीत. त्यातून साडेपाच तास, म्हणजे जवळजवळ एका माणसाचे काम वाचते. पण सहा क्रेट एकत्र आले की चुकीच्या क्रेटमध्ये माल पडण्याचा नवा धोका येतो. म्हणून क्रेटवरही लेबल लावावे आणि खण स्कॅन केल्यावर क्रेटही स्कॅन करायला लावावे. दोन सेकंद जास्त लागतील, ते लागू द्यावेत. सुरुवातीला सहाऐवजी चार क्रेट घेऊन हात बसू द्यावा, असेही मी सुचवेन.

आपल्या कामाच्या क्रमात एक बदल करावा लागेल आणि तो यंत्रापेक्षा अवघड आहे. आज बहुतेक औषध स्टॉकिस्टांकडे आधी बिल बनते, संगणक बॅच ठरवतो, मग माणूस ती बॅच शोधायला जातो. रॅकवर ती बॅच नसली किंवा फुटकी निघाली की बिल दुरुस्त करा, क्रेडिट नोट काढा, दुकानदाराला फोन करा, असे काम वाढते. स्कॅनर आल्यावर हा क्रम उलटावा: ऑर्डर, माल काढण्याची यादी, स्कॅन, आणि मग जे प्रत्यक्ष क्रेटमध्ये आहे त्याचेच बिल. बिलाच्या टेबलावरचे लोक सुरुवातीला नाराज होतील, कारण त्यांचे काम दुपारपर्यंत रिकामे आणि नंतर एकदम दाटीचे होईल. मी हा विरोध अनेक ठिकाणी पाहिला आहे आणि तो रास्त असतो. लाइननिहाय टप्पे पाडले तर ती दाटी विरते. दापोली-खेडचा टेम्पो सर्वात आधी सुटतो, तेव्हा त्याच्या ऑर्डरी प्रथम काढून, बिले करून बाहेर पडाव्यात. मग गुहागर, मग संगमेश्वर-देवरूख, आणि चिपळूण शहराचा माल शेवटी, कारण त्यात चुकले तर तासाभरात बदलून देता येते. दापोलीला चुकीची बॅच गेली तर दुसरा दिवस उजाडतो, आणि पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली तर तेही सांगता येत नाही.

दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचा माल, म्हणजे इन्सुलिन आणि लशी, या फेऱ्यांत मिसळू नये. तो टेम्पो भरण्याच्या क्षणी, शेवटी काढावा. फ्रिजमधल्या खणांची लेबले दाराच्या बाहेरच्या बाजूला लावावीत, म्हणजे स्कॅन आधी होईल आणि दार कमी वेळ उघडे राहील. थंड वस्तू दमट हवेत आली की तिच्यावर लगेच पाणी धरते, आणि ओल्या लेबलावर स्कॅनर चालत नाही.

आवाजाच्या यंत्रणेबद्दल आता बोलतो. ती वाईट आहे म्हणून मी नाकारत नाही. दोन्ही हात मोकळे राहतात, नजर मालावर राहते, आणि जड खोकी उचलायची असतात तिथे तिच्याइतकी उपयोगी पद्धत क्वचितच सापडेल. शीतगृहात हातमोजे घालून काम करणाऱ्यांसाठीही ती चांगली आहे. पण आपल्या माणसाच्या हातात पाच-दहा स्ट्रिपा असतात, खोकी नसतात. त्यामुळे तिचा मुख्य लाभ आपल्याला फारसा मिळणार नाही. शिवाय बॅच ताडून पाहायची तर माणसाला बॅचची अक्षरे मोठ्याने वाचावी लागतील, आणि इंग्रजी अक्षरे-अंक मिसळलेली बॅच बोलून दाखवणे हे चुकांना निमंत्रण आहे.

भाषेचा प्रश्न वेगळाच. आपली माणसे मराठी बोलणार, घरची बोली बाणकोटी, संगमेश्वरी किंवा मालवणी असणार. मराठी संख्यानामे ऐकताना किती सहज चुकतात हे पाहा: चौसष्ट, चौऱ्याहत्तर आणि चौऱ्याऐंशी, एकोणसाठ आणि एकोणसत्तर. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला, पण संख्यानामे अवघड आहेत ही त्यामागची अडचण खरी होती. आवाजाची यंत्रणा कधी घेतलीच, तर प्रत्येक अंक सुटा बोलला जावा अशी अट घालावी: 'चौऱ्याहत्तर' नको, 'सात, चार' हवे. सुट्या अंकांतही 'सात' आणि 'आठ' गोंगाटात जवळ येतात. आणि गोंगाट तर आहेच. आपल्या गाळ्याला पत्र्याचे छप्पर आहे, असे आपण लिहिले आहे. जुलैच्या सरीखाली पत्र्याखाली उभ्या असलेल्या दोन माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. माइक कितीही गोंगाट गाळणारा असला तरी त्याची परीक्षा फेब्रुवारीत घेण्यात अर्थ नाही. पुरवठादाराला जुलैत बोलवा आणि आपल्याच माणसांच्या तोंडून चालवून दाखवायला सांगा.

इतर पर्यायांवर थोडक्यात. आरएफआयडीचे, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचले जाणारे, टॅग प्रत्येक स्ट्रिपला लावणे परवडणारे नाही, आणि स्ट्रिपमधले ॲल्युमिनियम व सिरपच्या बाटल्यांतले द्रव दोन्ही त्या लहरींना अडवतात. उभी फिरती कपाटे किंवा माल माणसापर्यंत आणणारे यंत्रमानव उरण-पनवेल पट्ट्यातल्या, बंदराजवळच्या प्रचंड गोदामांना शोभतील. ॲमेझॉनने २०१२ मध्ये किव्हा ही यंत्रमानव बनवणारी कंपनी ७७.५ कोटी डॉलरला घेतली, ती ज्या प्रमाणावर त्यांचे काम चालते त्या प्रमाणासाठी. आपल्याकडे वीज गेली की अशा यंत्राच्या पोटातला सगळा माल अडकेल, एवढे एकच कारण मला पुरेसे आहे.

दिवे मी पूर्ण बाद केलेले नाहीत, हे वर म्हटले. वर्षभर स्कॅनरवर काम स्थिरावल्यावर, रोज खपणाऱ्या पहिल्या शे-दोनशे औषधांसाठी उलटी पद्धत वापरून पाहता येईल. एका लाइनीच्या सर्व ऑर्डरींत मिळून ओआरएसची जेवढी पाकिटे लागतात तेवढी एकदम आणायची आणि ऑर्डरींच्या क्रेटांच्या मांडणीसमोर उभे राहायचे. ज्या क्रेटवर दिवा पेटेल त्यात दिसेल तेवढा माल टाकायचा. इथे दिवे ऑर्डरींना असतात, मालाला नाही, त्यामुळे मोजक्या दिव्यांत काम भागते आणि ते एका कोरड्या, बंदिस्त कोपऱ्यात सांभाळता येतात.

स्कॅनर निवडताना पाहायच्या गोष्टी अशा. तो क्यूआर कोडही वाचणारा, म्हणजे चित्र टिपणारा असावा. फक्त लाल रेषेचा लेसर स्कॅनर आज घेऊ नये. त्याला प्रत्यक्ष दाबायची बटणे असावीत, कारण मे महिन्याच्या घामाने ओल्या झालेल्या बोटांना काचेचा पडदा प्रतिसाद देत नाही. बॅटरी माणसाने स्वतः बदलण्यासारखी असावी. साध्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर हे काम करून पाहायला हरकत नाही, पण दिवसाला प्रत्येकी साडेतीनशे ओळी आणि खण व क्रेट मिळून सातशे स्कॅन म्हटल्यावर कॅमेऱ्याचा संथपणा माणसाला वैतागवतो आणि तो स्कॅन चुकवण्याच्या वाटा शोधू लागतो. बोटात घालायचा छोटा स्कॅनर आणि मनगटावर मोबाईल, हा मधला मार्ग चांगला आहे.

लेबलांकडे स्कॅनरइतकेच लक्ष द्यावे. उष्णतेने थेट छापली जाणारी स्वस्त लेबले काही महिन्यांत फिकी पडतात. खणांची लेबले रिबनने छापलेली आणि कागदाऐवजी प्लास्टिकच्या पातळ फिल्मची असावीत. कागद ओल धरून कडांनी सुटतो. लोखंडी कप्प्यावर गंज असेल तर तो घासून, रंग देऊन, मगच लेबल चिकटवावे. चकचकीत आवरण नको, त्यावर बल्बचा उजेड परावर्तित होऊन वाचन अडते.

वाय-फायची चाचणी रॅक भरलेले असतानाच घ्यावी. पाणी या लहरी शोषून घेते, त्यामुळे सलाइनच्या बाटल्यांच्या थप्पीमागे उपकरण हमखास गप्प होते. ती थप्पी भिंतीकडे सरकवली की कित्येकदा दुसरे काही करावेच लागत नाही.

करार करण्याआधी एका रांगेत, आपल्या दोन माणसांसह, पंधरा दिवसांची चाचणी घ्यावी आणि सेकंद व चुका दोन्ही लिहून ठेवाव्यात. करारात दुरुस्तीसाठी माणूस कुठून येणार हे स्पष्ट असावे. मुंबई-पुण्याहून येणार असेल तर महामार्ग किंवा घाट बंद असतानाचे काय, हे विचारावे, आणि म्हणूनच दोन राखीव उपकरणे आपल्याच कपाटात असावीत. आपल्या संगणकातली खण-बॅचची माहिती कधीही, कोणत्याही पुरवठादाराला न विचारता, बाहेर काढता येईल अशी अटही लेखी घ्यावी.

शेवटी पाण्याविषयी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराचे पाणी चिपळूणमध्ये कुठवर आले होते हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. सर्व्हर, वाय-फायचे यंत्र, चार्जिंगचे फलक यांपैकी काहीही त्या खुणेच्या खाली असू नये, आणि माहितीची रोजची प्रत गावाबाहेर जावी. खालचे दोन कप्पे जूनपासून सप्टेंबरपर्यंत फक्त सलाइनसारख्या बंद बाटल्यांतल्या मालासाठी ठेवावेत. आणि दर सोमवारी खण, औषध, बॅच व शिल्लक यांची पत्त्यांच्या क्रमाने छापलेली यादी काढून ठेवावी. महिन्यातून एकदा, वीज असतानाही, एका लाइनीचा माल त्या कागदावरून काढून पाहावा, म्हणजे उपकरणे बंद पडलेल्या दिवशी नव्या माणसालाही ब-०४-३-२ कुठे आहे ते माहीत असेल.